काव, चुना आणि अंधार: सहा लाद्यांच्या नोंदी

काम असं: वेंगुर्ला-कुडाळ-मालवण पट्ट्यातल्या सहा जागा, ज्यांच्याविषयी गावात काहीतरी बोललं जातं. प्रत्येक जागेचा एक फोटो, १२ × १८ इंच छापील, आणि शेजारी त्याच मापाच्या जांभ्याच्या लादीवर कावी पद्धतीचं चित्र. कावी म्हणजे पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. कोकण, गोवा, कारवारकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर हे काम दिसतं. रंग दोनच. चूक खोडता येत नाही.

देवरहाटींची, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांची, नावं दिलेली नाहीत. गर्दी नको, ही गावांची अट आहे.

१२ मे

परवानग्या. ग्रामपंचायतीचं पत्र उपयोगाचं, पण देवरहाटीत ते पुरत नाही. आधी गुरवाला आणि मानकऱ्यांना भेटायचं, काय करणार ते सांगायचं, नारळ देऊन गाऱ्हाणं (देवापुढची विनवणी) घालून घ्यायचं. मग अटी कळतात: चपला बाहेर, पान तोडायचं नाही, पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, अमुक दगडाच्या पलीकडे तिवई (कॅमेऱ्याचा ट्रायपॉड) लावायची नाही. एका गावात आधी जागा पाहून मग विचारायला गेलो, तिथे नकार आला आणि तो रास्तच होता. दोन दिवस वाया.

१९ मे

कळीचा चुना १० किलो पिंपात विरवला. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उकळून उडतो. चष्मा, रबरी हातमोजे आणि शेजारी साध्या पाण्याची बादली. चुन्याचं लोणी, म्हणजे विरलेला मऊ लगदा, साधारण २५ किलो निघालं. त्यातलं ५ किलो घेऊन १ भाग चुन्याला अडीच भाग नदीची धुतलेली रेती आणि एकूण २०० ग्रॅम गूळ, असं कालवून झाकून ठेवलं. पंधरा दिवस तसंच मुरू द्यायचं, मधून मधून कुटायचं. वास आंबूस येतो, तो बरोबर आहे.

रेती कमी पडली म्हणून एका घमेल्यात समुद्राची घातली. ही चूक जूनमध्ये कळली.

३० मे ते ५ जून: काजवे

जागा: ओढ्याकाठची किंजळ आणि ऐनाची रांग. गावात या उताराला वेताळाच्या पालखीची वाट म्हणतात. अमावास्येला दिवट्या उतरताना दिसतात, असं सांगणारी माणसं अजून आहेत.

पद्धत: सहा वाजता जाऊन उजेडात फोकस लावायचा आणि रिंगवर कागदी चिकटपट्टी मारायची. अंधारात ऑटोफोकसला काही दिसत नाही. सूर्यास्तानंतर पंचवीस मिनिटांनी झाडांचा एक मूळ फोटो घ्यायचा, मग तिवईला हात लावायचा नाही. काजव्यांसाठी ३५ मिमी लेन्स, एफ १.८, आयएसओ १६००, प्रत्येकी २० सेकंद, सलग. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. ते चालू राहिलं की प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकतो आणि निम्मे काजवे हुकतात. पहिल्या रात्री तेच झालं. व्हाइट बॅलन्स ४००० ला पक्का, नाहीतर जोडताना रंग फुटतात.

बॅटरीला लाल जिलेटिनचे दोन थर बांधले, तरी कामापुरतीच लावायची. पांढरा उजेड एकदा पडला की ती रांग बराच वेळ विझते. तिसऱ्या रात्री वरच्या रस्त्याने मोटरसायकल आली आणि चाळीस मिनिटांचं काम गेलं. एसीच्या गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, लेन्सवर धुकं धरतं. बॅगेसकट अर्धा तास बाहेर ठेवा.

चौथ्या रात्री ९० फोटो स्वच्छ मिळाले. सगळे लाइटनमध्ये (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ ठिपका ठेवणारी जोडणी) एकावर एक चढवले तर झाड लग्नाच्या मांडवासारखं उजळलं. गुरवकाकांनी मोबाइलवर बघून म्हटलं, "इतके खय असतत?" खरं आहे. अर्ध्या तासाचे काजवे एका क्षणात कोंबले होते. मग २०, ३०, १२ असं करून पाहिलं. १२ फोटो, म्हणजे चार मिनिटं, एवढ्यावर ठरलं. झाडांखालचा काळोख शिल्लक राहिला आणि दिवट्या का म्हणतात तेही त्यातच दिसतं.

९ जून: पहिलं पॅनल वाया

पहिला प्रयोग १२ मिमी एमडीएफवर केला, कारण हलकं. गिलावा देताच पाणी पिऊन फुगलं, तिसऱ्या दिवशी कोपरे उचलले. खर्च ₹६४० आणि चार दिवस.

त्याच फळीवर काजव्यांना पिवळा रंग द्यावा म्हणून ओल्या चुन्यात हळद घालून पाहिली. क्षणात कुंकू झाली. खरं तर घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट, तरी करून बघितली. चुना ताजा असतो तेव्हा फार अल्कधर्मी असतो, हळद त्यात लाल होते आणि तो लालही चार दिवसांत उन्हाने उडतो. चुन्यात वनस्पतीचे रंग नकोत, मातीचे आणि दगडाचेच घ्या.

२० जून

जांभ्याच्या खाणीवर चिरा कापून १२ लाद्या आणल्या, १२ × १८ इंच, जाडी ३० मिमी, प्रत्येकी ₹१८०. एकेक लादी जवळजवळ नऊ किलो. जांभा सच्छिद्र, त्यामुळे चुना घट्ट धरतो. पण त्याच छिद्रांनी पाणीही ओढून घेतो. कोरड्या लादीवर दिलेला गिलावा दोन तासांत तडकला. आता लादी रात्रभर पिंपात बुडवायची, सकाळी काढून वरचं पाणी निथळलं की थर द्यायचा. खालचा थर ७ मिमी, वरचा पांढरा २ मिमी (चुना १, बारीक चाळलेली रेती १), त्याच्यावर तांबडा सव्वा मिमी.

समुद्राच्या रेतीची लादी ओळखू आली: वाळताना अंगावर मिठाची पांढरी बुरशीसारखी फुलं आली. पुसली, पुन्हा आली. फेकली.

काव: बाजारची हुरमुंजी (तयार तांबडी माती) चांगली चालते. पण जागेचाच रंग असावा म्हणून खाणीतला जांभ्याचा चुरा वापरायचा ठरलं. कुटून पाण्यात ढवळायचा, मिनिटभर थांबायचं, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं, ते रात्रभर बसू द्यायचं. एक किलो चुऱ्यातून १३० ग्रॅम बारीक गाळ निघाला. रंग मात्र नारिंगी-पिवळट, विटकरी नाही. लोखंडी तव्यावर चुलीवर पाऊण तास भाजला तेव्हा गडद तांबडा झाला. त्यातल्या पिवळ्या लोहाचं पाणी उडून गेलं की ते तांबडं होतं. एवढ्यावर थांबा, जास्त जाळ दिलेला एक घाणा जांभळट काळा पडला.

प्रमाण चुन्याच्या वजनाच्या १२ टक्के. गडद हवा म्हणून २५ टक्के घातलेली लादी वाळल्यावर बोटाला रंग देत होती. रंग स्वतः चिकटत नाही, त्याला चुना धरून ठेवतो, आणि तोच कमी पडला. शिवाय जांभ्याच्या गाळात चिकणमाती असते, ती वाळताना आकसते आणि बारीक तडे पाडते.

२६ जून: काजव्यांची लादी

झाडांची रेघ सुरुवातीलाच फार खरवडली. पांढरं जास्त उघडं झालं की रात्र उरत नाही. दुसऱ्या लादीत झाडं तांबडीच ठेवली, कडेला एक केसाएवढी रेघ आणि काजव्यांसाठी फक्त टोच. टोचणीला सायकलची तार घासून केलेला कंटा. टोचताना तो उभा धरायचा. तिरपा धरला की कपचा उडतो आणि काजव्याची वाटी होते. एकूण २१४ टोच मारले, फोटोतल्या जागा ट्रेसिंग कागदावरून घेऊन. थर दिल्यावर गुळगुळीत नदीच्या गोट्याने घोटून घ्या, त्याशिवाय टोचाची कड स्वच्छ येत नाही.

५ ते ७ जुलै: चमकणारं लाकूड

देवरहाटीतलं पडलेलं लाकूड कोणी नेत नाही. म्हणून ते तिथेच कुजतं आणि पावसाळ्यात त्याच्यावर चमकणारी बुरशी धरते. बाहेरच्या रानात, जिथून सरपण जातं, तिथे दोन रात्री शोधून एक काटकी मिळाली नाही. देवाच्या भीतीने जे राहिलं तेच इथे उजळतं. ही एवढी एक गोष्ट फोटोत यावी, असं होतं.

सगळे दिवे बंद करून वीस मिनिटं नुसतं बसावं लागतं, तेव्हा डोळ्यांना दिसायला लागतं. आणि दिसतं तेही फिकट राखाडी, हिरवं नाही. हिरवं कॅमेऱ्याला दिसतं. एफ २.८, आयएसओ ३२००, ५ मिनिटं. इथे मात्र नॉइज रिडक्शन चालू ठेवायचं. इतक्या लांब फोटोत सेन्सर तापून लाल-निळे ठिपके येतात आणि इथे हुकायला काही नाही. वारा आला की पानं हलतात, पण लाकूड हलत नाही, त्यामुळे चालतं.

गमबूट सक्तीचे. झुडपांत, पाचोळ्यात चापडा (विषारी साप) बसलेला असतो. काठीने पुढची जागा आपटत जा, हात कुठेही टेकू नका.

छापताना हिरवा रंग ६० टक्क्यांनी उतरवला. पहिली प्रत औषधाच्या दुकानाच्या पाटीसारखी दिसत होती.

१४ जुलै

पावसात कावीचं काम करू नये. दोन लाद्या गेल्यावर पटलं. हवेत ओल इतकी की तांबडा थर दोन दिवस मऊच. खरवडलं की कडा ढासळतात. कोळशाच्या शेगडीने वाळवला तर वरून कडक, आतून ओला, पापुद्रा सुटला. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो. लादी पाण्याने भरलेली असली तर हवा आत शिरत नाही. ठणठणीत कोरडी असली तरीही क्रिया थांबते. थोडी ओल आणि खेळती हवा हवी. काम ऑक्टोबरपर्यंत बंद.

१५ सप्टेंबर: सडा

सीतेची आसवं. निळी-जांभळी, सेंटीमीटरभराची फुलं, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, ओलसर मातीत हजारोंनी. बुडाशी, मातीत, त्यांच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले बारीक जीव गिळतात. आसवं गाळणारी सीता आणि किडे खाणारी वनस्पती, दोन्ही एकाच फुलात. फोटो मात्र सरळ फुलाचाच.

चालायचं फक्त उघड्या कातळावरून. मातीच्या पट्टीत एक पाऊल म्हणजे शंभर फुलं. प्लास्टिक अंथरून आडवं पडायचं, कॅमेरा जमिनीलगत तांदळाच्या पिशवीवर. सकाळी सात ते साडेआठ, त्यानंतर वारा फुलं स्थिर राहू देत नाही. फुरसं सड्यावर सगळीकडे आहे. दगड उलटू नका, बॅग उघडी टाकू नका.

त्याच फेरीत कुडोपीच्या सड्यावर गेलो. इथली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. सड्यावरच्या अशा चित्रांना पांडवांशी जोडायची कोकणात जुनी सवय. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा रांगोळी भरणारे लोक भेटतात, करू नका. सूर्योदयानंतरची पहिली चाळीस मिनिटं पुरतात, तिरप्या उन्हात रेघेची एक कड काळी पडते. आमच्या सहांत हे शिल्प नाही. इतक्या जुन्या माणसाच्या रेघेची कावीत नक्कल करणं आगाऊपणा वाटला.

२ ऑक्टोबर: देवचार

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. जागा म्हणजे दोन वाड्यांमधली पाणंद, सातविणीखाली एक दगड. देवचार, म्हणजे गावाचा अदृश्य राखणदार, इथून फिरतो. त्याला नेमाने विडी, नारळ, कांबळं ठेवतात.

पहिली लादी: हातात काठी, खांद्यावर कांबळं घेतलेली उंच आकृती. रेषा चांगल्या होत्या. फोटोतही एक माणूस कांबळं पांघरून उभा केला, १५ सेकंदांच्या फोटोत सात सेकंद थांबवून बाजूला केला, म्हणजे तो अर्धा पारदर्शक येतो. युक्ती सोपी, आणि दिसायला अगदी जाहिरातीतलं भूत. पाणंदीतल्या आजींनी लादी पाहून विचारलं, "देवचाराक तोंड कित्याक काढलास? तो दिसना नाय, आसता."

लादी बाजूला ठेवली, फोटो काढून टाकला.

दुसऱ्या लादीत फक्त पाणंद आणि चपला. आरवलीच्या वेतोबाला मूर्ती आहे, तरी नवस फेडताना लोक त्याला चामड्याच्या मोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावभर फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. ते डोक्यात होतं. पण ही जागा आरवली नाही आणि इथल्या देवचाराला चपला वाहत नाहीत. दुसऱ्या गावाचा देव इथे आणून ठेवला होता. तीही बाद.

तिसरी: पाणंदीची दोन कुंपणं, सातविणीचं खोड, दगड. मधली वाट मुद्दाम न खरवडता सलग तांबडी. फोटोही तसाच, कंदिलाचा उजेड दगडापर्यंत येऊन थांबलेला, पुढे काही नाही. कंदील दगडापासून चार पावलं मागे, एफ ४, आयएसओ ८००, ८ सेकंद. आजींनी पाहिली. काही बोलल्या नाहीत, मान हलवून आत गेल्या. ठेवली.

तीन लाद्या, नऊ दिवस.

१८ ऑक्टोबर: रोयण

रोयण म्हणजे वारूळ, सातेरी देवीचं. देवळात वारुळालाच देवी म्हणून पुजतात, त्यामुळे आतला फोटो नाही. परसातली, कोणी न पुजलेली रोयण घेतली, मालकाला विचारून. संध्याकाळचं तिरपं ऊन, बाजूने पांढरा थर्माकोल धरून सावली थोडी उचलली. लादीवर सोपी गेली, कारण वारुळाची आणि कावेची माती एकच दिसते. हवा आता कोरडी. तांबडा थर सहा तास खरवडण्याजोगा राहतो. नंतर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा.

१ डिसेंबर: चमकणारं पाणी

किनाऱ्यावर नॉक्टिल्युका (समुद्रातले चमकणारे सूक्ष्म जीव) येतात तेव्हा फुटणारी लाट निळी उजळते. रोज नसतं. ओल्या वाळूवर पाय आपटून बघायचं; ठिणग्या उठल्या तर थांबा, नाहीतर घरी जा. तीन रात्री कोऱ्या गेल्या.

आज अमावास्या, अंधार म्हणून निवडली. सव्वानऊला तिवई लावली आणि पाणी वर वर येत राहिलं. तीनदा मागे सरकलो, अकराला बॅग भिजली, एक लेन्सचं झाकण गेलं. हिशोब कोणत्याही खारव्याला ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्येची पंधरा धरली तर सव्वाअकरा. वर उधाणाची भरती. कॅमेऱ्याचे सगळे आकडे पाठ, आणि ही पाऊणकी विसरलो.

२३ डिसेंबर

वद्य अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती, मग मध्यरात्रीपर्यंत ओहोटी. चंद्रही मध्यरात्रीच उगवतो. अंधार आणि मागे जाणारं पाणी, दोन्ही हातात. या कामाला वद्य अष्टमी ते दशमी घ्या.

एफ १.८, आयएसओ ३२००, २ सेकंद. आठ सेकंदांत लाटेची निळी चादर होते, समोर उभ्या माणसाला असं कधी दिसत नाही. त्याला एक रेघ धावत जाऊन विझताना दिसते. दोन सेकंदांत ती रेघ येते. लेन्सवर खारा शिंतोडा आला तर कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण काचेला ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याचं ओलं कापड. तिवईचे पाय घरी उघडून धुवा.

लादीवर कपड्याची नीळ घालून पाहिली. नीळ चुन्यात टिकते, भिंतीच्या सफेतीत घालतातच. टिकली, पण लादी कॅलेंडरसारखी झाली. खरवडून टाकली. लाट पांढरी, एकच रेघ, डावीकडे जाड आणि उजवीकडे विरत गेलेली.

६ जानेवारी: हिशोब आणि मांडणी

लाद्या १२ (सहा कामाच्या, सहा वाया) ₹२,१६०. चुना, रेती, गूळ ₹१,३५०. एमडीएफ ₹६४०. छपाई सहा, प्रत्येकी ₹३५०, शिवाय चुकलेल्या चार. जिलेटिन, चिकटपट्टी, हातमोजे ₹४८०. पेट्रोल सगळ्यात जास्त, ₹५,२००. लादी खिळ्याला टांगू नका. खाली लोखंडी एल पट्टी दोन आणि वर एक पकड.

मांडणी देवळाच्या सभामंडपात, गावाच्या सोयीने. दुसऱ्या दिवशी रोयणीच्या लादीला कोणीतरी ओल्या बोटाने हळदकुंकू लावून गेलं. हळद तासाभरात लाल झाली. शेजारच्या जूनच्या काजव्यांच्या लादीलाही एक बोट लागलं होतं, तिथे पिवळीच राहिली. म्हणजे जूनची पिकली, तिचा चुना दगड झाला; ऑक्टोबरची अजून कच्ची. रोयण खाली उतरवून फवाऱ्याला परत ठेवली आहे, महिनाभर तरी.